पांडुरंगचा प्रामाणिकपणा
नायक नसलेला नायक म्हटला की आपल्याला आधी गुन्हेगार आठवतो. रशियन कादंबरीतल्या रास्कोलनिकोव्हसारखा कुऱ्हाड उचलणारा. मला मात्र 'कोसला' कादंबरीतला पांडुरंग सांगवीकर अधिक अस्वस्थ करतो, कारण त्याच्या हातून मोठे पापही घडत नाही. 1963 साली, ऐन पंचविशीतल्या भालचंद्र नेमाड्यांनी हा खानदेशातला मुलगा पुण्याच्या कॉलेजात आणून सोडला, तेव्हा खांडेकरांच्या ध्येयवादी नायकांवर पोसलेल्या वाचकाला तो कसा पचला असेल! तो वडिलांचे पैसे उधळतो, परीक्षेत नापास होतो आणि शेवटी गावी परततो. जिंकत तर नाहीच, पण हरण्यालाही भव्यता येऊ देत नाही. इच्छाशक्तीचा अभाव, टवाळी, घरच्यांशी तुटलेपण हे दोष खरेच; पण त्यांच्या जोडीला स्वतःविषयी एक निर्दय प्रामाणिकपणा आहे, आणि माझ्या मते या जातीच्या पात्राचा प्राण तोच. वडिलांवरचा राग तो जसा लपवत नाही, तसा स्वतःचा नाकर्तेपणाही नाही. धाकटी बहीण मनी देवीच्या आजाराने जाते तेव्हा मात्र सगळी टवाळी गळून पडते. ती पाने वाचताना कळते की हा मुलगा कोरडा कधीच नव्हता. ठरावीक शब्दांत दुःख मांडणे त्याला जमत नव्हते, एवढेच. 'कोसला'नंतर दोन वर्षांनी भाऊ पाध्यांच्या 'वासूनाका'तला पोक्या आला, अधिक उद्धट, अधिक शहरी. त्याच्यावर अश्लीलतेचा गदारोळ झाला, आणि त्या गोंगाटात त्याचे माणूसपण वाचायचे राहून गेले. ते आता तरी वाचा.