सिएराला दारं किती, हा वाद पुरे

माझं गॅरेज नांदगाव पेठला, महामार्गाच्या कडेला. नोव्हेंबर २०२५ मध्ये टाटाची नवी सिएरा बाजारात आली, तेव्हापासून जुन्या सिएराचे भक्त इथे चहाला बसले की एकच रडगाणं : "पाच दारं? ही सिएराच नव्हे!"

१९९१ची सिएरा तीन दारांची. टाटामोबाइल पिकअपच्या सांगाड्यावर उभी केलेली, दोन लिटरच्या आतलं डिझेल इंजिन, चढाला दम लागायचा. मागची छतापर्यंत वळलेली काच मात्र देखणी. पण भाऊ, ती काच उघडायची नाही. वऱ्हाडातल्या मे महिन्यात मागे बसून मोर्शीपर्यंत जाऊन दाखवा, मग आठवणींचं बोलू. आजीला मागे बसवायचं तर आधी पुढची सीट वाकवा.

नव्या गाडीत त्या काचेचा नुसता आभास आहे, काळ्या रंगाने साधलेला. हे मला खटकतं. त्यापेक्षा ती सोडून दिली असती तर बरं. दारांच्या बाबतीत मात्र मी कंपनीच्या बाजूने. बाजारात आली तेव्हा किंमत ११.४९ लाखांपासून पुढे होती; एवढे मोजणाऱ्याला घरची माणसं बसवायची असतात. तीन दारांचा हट्ट धरणारे बहुतेक जण ती घेणारही नाहीत.

मागायचंच तर हे मागा : वीस वर्षांनी काच फुटली तर अमरावतीत मिळेल का? जुन्या सिएराचं इंजिन आम्ही कसंही उभं करतो. ती काच शोधताना मालकाचा घाम निघतो.