साडी उलटी करून पाहा!



जून महिन्यात आम्हां शिक्षकांना प्रत्येक मुलाची माहिती भरून घ्यावी लागते. नाव, पत्ता, जन्मतारीख आणि पालकांचा व्यवसाय. यंदा चौथीतल्या एका मुलीनं त्या रकान्यात लिहिलं, ‘मजुरी’. मला नवल वाटलं. तिच्या घरावरून जाताना मागाची खटखट रोज ऐकू येते.

“अगं, तुझे बाबा तर पैठणी विणतात ना?”

“हो बाई. पण रेशीम दुसऱ्याचं, साडीही दुसऱ्याची. आपली नुसती मजुरीच की!”

उत्तर चोख होतं. पण ते देताना तिची मान खाली गेली, ते मला काही आवडलं नाही. शाळा सुटल्यावर मी तिच्याबरोबर घरी गेले.

आमचं येवलं नाशिक जिल्ह्यातलं, कमी पावसाचं गाव. उत्तरेला अंकाई-टंकाईचे जोडकिल्ले आणि सभोवती बाजरी, मका, कांद्याची शेतं. गाव वसवणारे म्हणून रघोजीबाबा नाईकांचं नाव घेतात. विणकरांना इथं आणून बसवलं तेही त्यांनीच, असं जुनी माणसं सांगतात.  रेशीम येतं बंगळूरकडून आणि जर सुरतेहून. येवल्याचे आहेत ते विणणारे हात!

तिचे बाबा खड्ड्यात पाय सोडून मागावर बसले होते. समोर रंगीत रेशमाच्या कितीतरी बारीक तिल्ल्या लोंबत होत्या. पदरावर मोर उतरत होता. मोराची मान निळी, चोच लाल, म्हणजे प्रत्येक रंगाला वेगळी तिल्ली. एका रंगाचा धागा दुसऱ्या रंगाच्या धाग्यात अडकवायचा, मागं वळवायचा, पुन्हा पुढं न्यायचा. नक्षी दाट असली की दिवसभरात पदर इंच-दोन इंचच पुढं सरकतो.

“बाई, आता हा काठ उलटा करून बघा,” ते म्हणाले. मी पाहिलं. उलटीकडूनही तोच मोर! लोंबणारे धागे नाहीत, कापलेली टोकं नाहीत. हातानं विणलेल्या अस्सल पैठणीची हीच खूण. यंत्रमागावरच्या स्वस्त नकलेत मागच्या बाजूला धाग्यांचा गुंता दिसतो. आणि या नकलेमुळेच हाताच्या कामाचा भाव पडतो.

मला एकदम स्कॉटलंडची आठवण झाली. छे, मी तिकडं गेलेली नाही हं! पण वाचलंय पुष्कळ. स्कॉटलंडच्या वायव्येला आउटर हेब्रिडीज नावाची बेटं आहेत. तिथं सदा वारा, झाडं थोडी आणि माळावर मेंढ्या. माणसं छोट्या तुकड्यावर शेती करतात आणि घरालगतच्या खोलीत माग चालवतात. त्या मागावरच्या जाड लोकरी कापडाला ‘हॅरिस ट्वीड’ म्हणतात. हॅरिस हे तिथल्याच एका भागाचं नाव.

पूर्वी या लोकरीला रंग कशाचा देत, ठाऊक आहे? खडकावरच्या दगडफुलाचा! आई मसाल्यात दगडफूल घालते ना, त्याच्याच जातकुळीतलं. ते लोकरीबरोबर उकळलं की तांबूस तपकिरी रंग चढे. मग बायका ओलं कापड फळीवर आपटत आणि ठेका धरून त्यांच्या गेलिक भाषेत गाणी म्हणत. आपल्या आज्या जात्यावर ओव्या म्हणत, तसंच की!

1840 च्या दशकात तिथल्या जमीनदारीण लेडी डनमोर यांनी हे कापड बड्या लोकांपर्यंत पोचवलं. मागणी वाढली, तशा नकलाही निघाल्या. मग विणकरांच्या बाजूनं 1909 साली एक संस्था उभी राहिली आणि अस्सल कापडावर शिक्का मारण्याची पद्धत पडली. पुढं 1993 मध्ये ब्रिटिश संसदेनं कायदाच केला. लोकर त्याच बेटांवर रंगवलेली आणि कातलेली हवी, आणि तिथल्या रहिवाशानं आपल्या घरी हातमागावर विणलेली हवी. तरच ते हॅरिस ट्वीड!

पैठणीलाही 2010 साली भौगोलिक मानांकन मिळालं. म्हणजे नावाला कायद्याचं कुंपण आलं. हे सारं मी सांगितलं, तेव्हा तिचे बाबा हसले. म्हणाले, “कुंपण घातलं हे चांगलं झालं बाई. पण घेणाऱ्याला अस्सल-नक्कल कळलंच नाही, तर आमच्या पोरांनी मागावर का बसावं?”

यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. तिकडच्या बेटांवरूनही तरुण मुलं शहराकडं जातातच.

दुसऱ्या दिवशी त्या मुलीला मी वर्गापुढं उभं केलं. तिल्ली, ताणा, काठ, पदर, सारं तिनं न अडखळता सांगितलं. एकानं विचारलं, “तू पण विणणार का?” ती म्हणाली, “अजून ठरवलं नाही. पण मला येतं थोडं.” मग माझ्या टेबलाजवळ येऊन तिनं हळूच माहितीचा कागद मागितला. ‘मजुरी’ खोडून ‘विणकर’ लिहिलं. एवढ्यानं मजुरी वाढत नाही, हे तिला कळतं. मलाही कळतं. पण मान वर झाली होती!

आता तुमचा गृहपाठ. घरातल्या किंवा शेजारच्या एखाद्या कारागिराजवळ तासभर बसा. त्यांच्या कामातले दहा शब्द वहीत उतरवा आणि अस्सल काम कसं ओळखायचं तेही विचारा. आणि पालकहो, पुढच्या खेपेला दुकानात पैठणी घ्याल, तेव्हा आधी ती उलटी करून पाहा. मुलांनाही दाखवा.

तुमच्या,
बाई