तंजावरच्या वाचनकक्षातील परदेशी अभ्यासक

तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयाचा उल्लेख मराठी वाङ्मयाच्या इतिहासात बहुधा दोन संदर्भांत येतो. शहाजीराजांच्या कारकीर्दीतील (१६८४ ते १७१२) मराठी नाटके हा एक संदर्भ, आणि दक्षिणेतील रामदासी परंपरेची हस्तलिखिते हा दुसरा. यांच्या जोडीला एक तिसरा संदर्भ ठेवावयास हवा, व तो म्हणजे या संग्रहाशी आलेला परदेशी माणसांचा निकट संबंध. सरफोजीराजांनी (१७९८ ते १८३२) युरोपीय भाषांतील हजारो छापील ग्रंथ तेथे आणविले. पुढे आर्थर बर्नेल या इंग्रज न्यायाधीशाने राजवाड्यातील संस्कृत हस्तलिखितांची वर्गीकृत सूची सिद्ध केली व ती १८८० साली प्रसिद्ध झाली. १९१८ साली ग्रंथालय सर्वांस खुले झाले तेव्हा 'सर्वांस' या शब्दाला अपवाद नव्हता.

आज या वाचनकक्षात यावयाचे तर परदेशी अभ्यासकाने कोणत्या परवान्यावर यावे, हा प्रश्न वरकरणी कारकुनी स्वरूपाचा वाटतो. पण भारतीय भाषांच्या अभ्यासाचे पुढील स्वरूप काही अंशी त्याच्या उत्तरावर ठरणार आहे.

प्रथम नियम पाहावेत. संशोधनासाठी स्वतंत्र व्हिसा आहे. त्याच्या अर्जात विषय आणि यजमान संस्था यांचा निर्देश करावा लागतो, आणि विषय नाजूक वाटल्यास अर्ज निरनिराळ्या मंत्रालयांकडे फिरतो. व्हिसा १८० दिवसांहून अधिक मुदतीचा असेल तर आल्यापासून १४ दिवसांत नोंदणी करावी लागते. १ सप्टेंबर २०२५ पासून नवा इमिग्रेशन व परकीय नागरिक कायदा अमलात आला आणि त्याने १९२०, १९३९ व १९४६ चे जुने कायदे मोडीत काढले. परकीय नागरिकांना प्रवेश देणाऱ्या शिक्षणसंस्थांनी त्यांची माहिती नोंदणी अधिकाऱ्यास पुरविण्याचे बंधन या कायद्यात स्पष्ट घातले आहे. या तरतुदींत मुळात आक्षेपार्ह असे काही नाही. कोणतेही राष्ट्र आपल्या सीमेत कोण येतो याची नोंद ठेवणारच.

अडचण निराळ्याच ठिकाणी आहे. ही सारी रचना वर्षभर प्रयोगशाळेत काम करणारा शास्त्रज्ञ डोळ्यांपुढे ठेवून केल्यासारखी दिसते. हस्तलिखितांच्या अभ्यासकाचे काम त्या साच्यात बसत नाही. त्याला कधी दहा दिवस लागतात, कधी तीन आठवडे. एका पोथीतील पाठ ताडून पाहावयाचा असतो, एका बाडातील शेवटची पाने उतरवून घ्यावयाची असतात. एवढ्यासाठी संशोधन-व्हिसाची दीर्घ खटपट करण्याऐवजी तो पर्यटनाचा व्हिसा घेतो, बृहदीश्वराचे दर्शन घेतो, आणि दुसऱ्या दिवशी वाचनकक्षात जाऊन बसतो. बृहदीश्वराच्या भिंतीवर १८०३ साली कोरलेला भोसले वंशाचा मराठी इतिहास त्याने पाहिला तर ते पर्यटन ठरते. तोच मजकूर त्याने वहीत उतरवून घेतला, दुसऱ्या प्रतीशी ताडला आणि त्यावर निबंध लिहिला, तर ते काय ठरावे? नेमकी रेषा कोठे आहे हे अभ्यासकाला माहीत नसते, आणि यजमान ग्रंथपालालाही बहुधा नसते.

ही संदिग्धता किती महाग पडू शकते हे ऑक्टोबर २०२५ मध्ये दिसून आले. हिंदी वाङ्मयाच्या इतिहासाच्या मान्यवर अभ्यासक फ्रान्चेस्का ओर्सिनी यांना दिल्लीच्या विमानतळावरूनच परत पाठविण्यात आले. पूर्वीच्या भेटीत व्हिसाच्या अटींचा भंग झाल्यामुळे त्यांचे नाव काळ्या यादीत होते, असे कारण सरकारी गोटातून वृत्तपत्रांना सांगण्यात आले. भंग झाला होता असे गृहीत धरले तरी एक आक्षेप उरतोच. ज्या व्यक्तीने एका भारतीय भाषेच्या अभ्यासात आयुष्य वेचले, तिला आपल्यावरील आरोप उंबरठ्यावर उभे असताना कळावा, आणि त्याचे उत्तर देण्याची वेळ परतीच्या विमानात बसल्यावर यावी, ही पद्धत न्यायाची नव्हे. ठपका लेखी कळविता आला असता, खुलासा मागविता आला असता, दंडही करता आला असता.

मराठीच्या दृष्टीने याहून जवळचा प्रश्न भारतीय वंशाच्या परदेशस्थांचा आहे. अमेरिकेत जन्मलेल्या मराठी मुलामुलींपाशी पुष्कळदा भारतीय मूळ असलेल्या परदेशी नागरिकांचे, म्हणजे ओसीआय, कार्ड असते. त्या कार्डावर आजन्म भारतात येता-जाता येते. परंतु ४ मार्च २०२१ च्या अधिसूचनेनुसार संशोधन करावयाचे असल्यास या कार्डधारकांनाही खास परवानगी घ्यावी लागते, आणि त्या यादीत संशोधनाच्या शेजारी धर्मप्रचार, गिर्यारोहण व पत्रकारिता बसविलेली आहेत. ज्याचे पूर्वज तंजावरच्या दरबारात चाकरीस होते, अशा एखाद्या दक्षिणी मराठी घराण्यातील नातीने मोडी शिकून आपल्या कुळाचे कागद वाचावयाचे ठरविले, तर तिला गिर्यारोहकाच्या रांगेत उभे राहावे लागेल. मोडीची चढण अवघड आहे हे खरे. पण अधिसूचना लिहिणाऱ्यांच्या मनात तो अर्थ नसावा.

याविरुद्ध जो आक्षेप घेतला जाईल तो हलका नाही, आणि तो याच ग्रंथालयाच्या अनुभवातून आलेला आहे. त्सीगेनबाल्ग यांनी केलेल्या तमिळ नव्या कराराची १७१५ साली तरंगमबाडीस छापलेली एक दुर्मिळ प्रत येथील संग्रहालयात होती. ऑक्टोबर २००५ मध्ये ती नाहीशी झाल्याचे आढळले. त्या सुमारास परदेशी पाहुण्यांचा एक गट येऊन गेल्याची नोंद अभ्यागतांच्या वहीत मिळाली, आणि २०२२ साली ती प्रत लंडनमधील किंग्ज कलेक्शन या संग्रहात असल्याचे तमिळनाडू पोलिसांच्या मूर्तिचोरी शोधपथकाने जाहीर केले. ग्रंथ गेला, तो परत आणावयास सतरा वर्षांनी पत्ता लागला, हे दुःख खरे आहे. मात्र त्यातून निघणारा धडा नीट पाहिला पाहिजे. ती प्रत प्रदर्शनातून गेली. वाचनकक्षात नाव, पत्ता, विषय व पोथीक्रमांक लिहून देऊन बसलेल्या अभ्यासकाने ती नेली असे कोणी म्हटलेले नाही. व्हिसाचे नियम दुप्पट कडक असते तरी कपाटाला कुलूप नसल्याची उणीव भरून निघाली नसती. वाचनकक्षात येणारा अभ्यासक हा खरे पाहता ग्रंथालयाला सर्वांत अधिक ओळखीचा परकी मनुष्य होय, आणि आजच्या व्यवस्थेत त्यालाच सर्वांत अधिक अडथळे आहेत.

परवान्याचा आणि विद्येचा हा झगडा मराठीला नवा नाही. विल्यम कॅरी १७९३ साली बंगालमध्ये आला तो ईस्ट इंडिया कंपनीच्या परवान्यावाचून, डेन्मार्कच्या गलबतातून. १८०० साली तो डेन्मार्कच्या ताब्यातील श्रीरामपुरास जाऊन राहिला, कारण कंपनीच्या मुलखात मिशनऱ्यांना थारा नव्हता. पुढे त्याच कंपनीने त्याला फोर्ट विल्यम कॉलेजात शिकविण्यास नेमले. वैजनाथ पंडितांच्या साहाय्याने त्याने केलेले मराठीचे छापील व्याकरण १८०५ चे आणि मोडी टंकात छापलेला कोश १८१० चा. गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट हे अमेरिकन मिशनरी १८१३ च्या आरंभी मुंबईस उतरले तेव्हा त्यांना परत पाठविण्याचा हुकूम झालेला होता. गव्हर्नर नेपियन यांनी अखेर तो अमलात आणला नाही, आणि काही वर्षांतच त्यांच्या मिशनचा मराठी छापखाना सुरू झाला. या मंडळींचा हेतू धर्मप्रसाराचा होता, हे लपविण्याचे कारण नाही. कंपनीच्या अधिकाऱ्यांना वाटणारी धास्तीही अगदीच निराधार नसेल. तरीही आरंभीचे मराठी मुद्रण ज्यांच्या हातून घडले त्यांतील कित्येकांपाशी योग्य कागद नव्हते, ही वस्तुस्थिती राहते.

तंजावरची कथा तर याहून बोलकी आहे. सरफोजीराजांचे पालक श्वार्ट्झ यांचा जन्म प्रशियातला, दीक्षा कोपनहेगनची, वेतन एका इंग्रजी संस्थेचे, आणि यजमान मराठा राजा. आजच्या अर्जातील कोणत्या रकान्यात त्यांना बसवावे हे सांगणे कठीण आहे. १७९९ च्या तहाने राज्याचा कारभार कंपनीकडे गेल्यावर स्वतः सरफोजीराजांनाही १८२० साली काशीयात्रेस निघताना कंपनीची संमती लागली. परवानगी मागणे म्हणजे काय हे या ग्रंथालयाच्या धन्याला चांगले ठाऊक होते.

छायाप्रती पाठविल्या म्हणजे अभ्यासकाने येण्याची गरज उरत नाही, असेही कोणी म्हणेल. ज्यांची सूची झाली आहे अशा पोथ्यांबाबत हे बव्हंशी मान्य करता येईल. पण तंजावरच्या मोडी कागदांचे रुमाल सोडल्याशिवाय आत काय आहे हे कळत नाही. मागावयाचे काय हेच ठाऊक नसेल तर छायाप्रत कशाची मागावी? १९८१ साली स्थापन झालेल्या तमिळ विद्यापीठाने त्यांतील काही कागदांचे तमिळ अनुवाद छापून मोठे काम केले. तरी मराठी, तमिळ आणि मोडी ही तिन्ही जाणणारी माणसे मोजकीच आहेत, आणि त्यांतील काहींचे पारपत्र परदेशी असेल तर ती वगळणे परवडणारे नाही. (पुण्याच्या अभ्यासकाला व्हिसा लागत नाही, केवळ आगगाडीचे तिकीट लागते. तो किती वेळा येतो, हा प्रश्न येथे केवळ नोंदवून पुढे जाणे बरे.)

या स्थितीत मागणी फार मोठी नाही. साठ दिवसांच्या आतील हस्तलिखित-वाचनासाठी एक अल्पमुदतीचा प्रकार असावा, आणि आज परिषदांसाठी मिळतो तसा तो घरबसल्या अर्ज करून मिळावा. अर्जाला मान्यताप्राप्त ग्रंथालयाचे पत्र जोडावे. त्या पत्रात पोथ्यांचे क्रमांक वा रुमालांचा निर्देश असावा. निर्णयाची मुदत ठरलेली असावी आणि नकार लेखी, सकारण असावा. कार्डधारकांना याच पत्रावर परवानगी मिळावी. सरस्वती महालाने आपल्या बाजूने असे पत्र देण्यासाठी एक जबाबदार अधिकारी नेमावा व अर्ज आल्यापासून पंधरा दिवसांत उत्तर देण्याची शिस्त घालून घ्यावी. नाहीतर दिल्लीतील विलंबाच्या जागी तंजावरचा विलंब येईल. प्रदर्शनातील कपाटांची कुलपे याच अंदाजपत्रकात बसवून घ्यावीत.