चार गुंठ्यांत बारा बिऱ्हाडं

माणगाव म्हटलं की आपल्यापैकी बहुतेकांना आठवतो तो ट्रॅफिक जॅम. गणपतीला गावी जाताना तिथे गाडीत बसून घाम पुसला नाही असा चाकरमानी विरळाच. पण त्या वेळात खिडकीबाहेर बघितलंत तर एक गोष्ट दिसेल. एक कौलारू घर, पुढे अंगण, मागे आंबा-फणस; आणि शेजारी तेवढ्याच जागेवर तीन-चार मजली अपार्टमेंट!

याबद्दल गळे काढणाऱ्यांतला मी नाही. विळे-भागाडच्या एमआयडीसीत कामाला येणारा, तहसील कचेरीत बदलून आलेला, शाळेत शिकवणारा... ह्यांनी राहायचं कुठे? आपण पुण्या-मुंबईत टूबीएचकेत बसून "कोकणचं कोकणपण गेलं हो" म्हणणं सोपं आहे. अमेरिकेत मिनियापोलिससारख्या शहराला 'एका प्लॉटवर एकच घर' हा नियम मोडीत काढायचं ठरवायला 2018 साल उजाडलं. आपल्याकडे निवासी झोन म्हणजे निवासी झोन, बंगला बांधा नाहीतर बिल्डिंग. हे मला पटतं.

किती बांधायचं ते एफएसआय ठरवतो. डिसेंबर 2020 पासून मुंबई आणि आणखी काही भाग सोडले तर राज्यभर एकच नियमावली आहे, युडीसीपीआर. नगरपंचायत असलेल्या माणगावलाही तीच. गावठाणाचं गणित वेगळं, ते सोडू. बाहेरचा चार गुंठ्यांचा प्लॉट घ्या, म्हणजे साधारण 405 चौरस मीटर. मूळ एफएसआय 1.1, म्हणजे 445. त्यावर प्रीमियम भरून 60 टक्के अ‍ॅन्सिलरी, झाले 712 च्या आसपास. जिना-पॅसेज धरून बारा फ्लॅट. साइड मार्जिन आणि पार्किंगपायी एखाद-दुसरा कमी होईल, बस्स.

आता प्रोग्रॅमर माणसाला खटकणारी गोष्ट. रेराची नोंदणी कधी लागत नाही? प्लॉट 500 चौरस मीटरपर्यंत असेल तर, किंवा फ्लॅट आठपर्यंत असतील तर. ह्या 'किंवा'तच सगळी गोम आहे. फ्लॅट बारा का असेनात, प्लॉट 405 ना? सुटला! पावसाचं पाणी जिरवायची सक्तीही 500 मीटरपासूनच. म्हणजे पूर्वी जिथे एक कुटुंब राहायचं नेमका तोच प्लॉट दोन्ही चाळण्यांतून खाली पडतो. बारा घरांचा सेप्टिक टँक मात्र तिथेच, आणि शेजाऱ्याची विहीर कुंपणापलीकडे.

माणगावहून हायवेने तासाभराच्या आत महाड येतं. 24 ऑगस्ट 2020 ला तिथली तारिक गार्डन ही पाच मजली इमारत कोसळली, 16 माणसं गेली. ती काही जुनाट चाळ नव्हती, अलीकडचीच अपार्टमेंट होती. आकाराने ती बारा फ्लॅटपेक्षा बरीच मोठी, त्यामुळे रेराच्या ह्या पळवाटेशी तिचा संबंध मी लावत नाही. पण तालुक्याच्या गावात नव्या बांधकामावर दुसरी नजर नसली तर काय होतं ते तिथे दिसलं. रेरात नोंदलेल्या बिल्डिंगमध्ये बांधकामाचा दोष निघाला तर पाच वर्षं बिल्डरला तो स्वखर्चाने दुरुस्त करून द्यावा लागतो, आणि दाद मागायला एक ठिकाण असतं. चार गुंठेवाल्यांनी जायचं कुठे? ग्राहक आयोगात, तारखांवर तारखा घेत.

बरं, ह्यासाठी नवा कायदा करायची गरज नाही. 500 मीटर आणि आठ फ्लॅट ही मर्यादा राज्य सरकार खाली आणू शकतं, तशी तरतूद 2016 च्या मूळ कायद्यातच आहे. माझं म्हणणं एवढंच, की प्लॉट मोजूच नका, फ्लॅट मोजा. चारपेक्षा जास्त फ्लॅट विकायचे तर नोंदणी, प्लॉट कितीही छोटा असो. "खर्च वाढेल, छोटा बिल्डर मरेल" असं कोणी म्हणेल. वाढेल थोडा. पण आजही तो खर्च कोणीतरी करतंच आहे, फक्त ताबा मिळाल्यावर, आणि पावती न घेता.