फुकट मिळणारा रस्ता

नोव्हेंबर २०२२ मध्ये मुंबईतल्या दोन पुलांच्या बाबतीत दोन गोष्टी घडल्या. सात तारखेला अंधेरीचा गोखले पूल धोकादायक ठरवून वाहतुकीसाठी बंद झाला. १९ तारखेच्या रात्री मशीद बंदरजवळचा ब्रिटिशकालीन कर्नाक पूल पाडण्यासाठी मध्य रेल्वेने २७ तासांचा ब्लॉक घेतला. ते पाडकाम तासातासाने आखलेले होते आणि ते वेळेत पार पडले. गोखले पुलाची पहिली बाजू सुरू व्हायला मात्र फेब्रुवारी २०२४ उजाडला आणि पूर्ण पूल खुला झाला तो मे २०२५ मध्ये. पूल पाडणे आणि बांधणे यांची तुलना होत नाही, हे मान्य. पण नियोजनाच्या संगणकीय पद्धती दोन्हीकडे सारख्याच उपलब्ध आहेत. रुळांवरच्या तासाला मालक असतो, तो तास त्याच्याकडून मागून घ्यावा लागतो. रस्त्याचा तास फुकट मिळतो. संगणक कितीही चांगला असला तरी फुकटची वस्तू तो जपून वापरत नाही.

बांधकामाचे वेळापत्रक संगणकावर मांडण्याची रीत जुनी आहे. १९५७ च्या सुमारास ड्यूपाँ या अमेरिकी कंपनीतले मॉर्गन वॉकर आणि रेमिंग्टन रँडचे जेम्स केली यांनी ‘क्रिटिकल पाथ’ पद्धत बसवली. काम शेकडो तुकड्यांत तोडायचे, कोणते कशानंतर येते ते नोंदवायचे, प्रत्येकाला लागणारे दिवस लिहायचे. मग यंत्र पहिल्या कामापासून शेवटच्या कामापर्यंतची सर्वांत लांब साखळी शोधून देते. त्या साखळीतले काम एक दिवस रेंगाळले की प्रकल्प एक दिवस रेंगाळतो, बाहेरच्या कामांना थोडी सवड असते. एवढे आज आपल्याकडचा प्रत्येक मोठा कंत्राटदार प्रिमाव्हेरासारख्या प्रणालीवर करतो, निदान बिलांसोबत जोडण्यापुरते तरी.

या पद्धतीचा दुसरा भाग मात्र आपण बासनात ठेवला आहे. कुठल्या कामावर जादा पैसे ओतले तर किती दिवस वाचतील आणि तसे करणे परवडेल का, हेही ती सांगते. त्यासाठी वाचलेल्या दिवसाची किंमत ठाऊक हवी. ड्यूपाँला ती ठाऊक होती, कारण देखभालीसाठी कारखाना बंद राहिला की रोजचे नुकसान वहीत दिसत असे. शहरातल्या उड्डाणपुलाच्या वेळापत्रकात दिवसाची किंमत म्हणजे क्रेनचे भाडे, मजुरी आणि बँकेचे व्याज. बॅरिकेडच्या पलीकडे पाऊण तास अडकलेल्या माणसाचा त्यात पत्ताच नसतो. नागपूर मेट्रोने त्रिमितीय आराखड्याला वेळ आणि खर्च जोडणारी ‘फाइव्ह-डी’ पद्धत वापरली, ती देशात लवकर वापरणाऱ्यांपैकी एक होती. कामगिरी चांगलीच, पण त्या पाचव्या मितीतला खर्चही प्रकल्पाचाच.

वाहतुकीचे गणित वेगळ्या कार्यालयात, वेगळ्या संगणकावर होते. त्याचा पाया आजही १९५८ साली ब्रिटनच्या वेबस्टर यांनी मांडलेल्या सूत्रात सापडतो. दिवे बदलताना एका फेरीत वाया जाणारे सेकंद घ्यायचे, त्यांची दीडपट करून पाच मिळवायचे. मग चौकावरचा भार एकातून वजा करून जे उरेल त्याने भागायचे. भार म्हणजे येणारी वाहने भागिले रस्ता जास्तीत जास्त सोडू शकेल तेवढी वाहने, सिग्नलच्या प्रत्येक टप्प्यातल्या सर्वांत गर्दीच्या दिशेसाठी हे काढून त्यांची बेरीज करून. समजा बारा सेकंद वाया जातात आणि भार ०.६ आहे. २३ भागिले ०.४, म्हणजे सिग्नलची फेरी साधारण ५८ सेकंदांची. आता खांबांसाठी तीनपैकी एक मार्गिका सगळ्या बाजूंनी पत्र्याने झाकली. वाहने तेवढीच, भार ०.९. २३ भागिले ०.१, म्हणजे २३० सेकंद! रस्ता एक तृतीयांश घटला आणि फेरी चौपट झाली. प्रत्यक्षात दोन मिनिटांपलीकडे फेरी सहसा नेत नाहीत, म्हणून उरलेला भार रांगेच्या रूपाने मागच्या चौकात जातो. भार एकाला टेकला तर भागाकारच उरत नाही, म्हणजे त्या चौकाला सिग्नलपुरते उत्तर नाही असे सूत्र स्वतःच सांगते. गाड्या मोजून वेळ बदलणारे नवे ‘अॅडॅप्टिव्ह’ सिग्नल असलेला हिरवा दिवा नीट वाटतात, नसलेला रस्ता निर्माण करू शकत नाहीत.

दुचाक्या आणि रिक्षा मार्गिका पाळत नसल्याने आपल्याकडे हे सूत्र जसेच्या तसे लागू होत नाही. पण तेवढ्यासाठी हात झटकण्याचे कारण नाही. केंद्रीय रस्ते संशोधन संस्थेने २०१७ मध्ये भारतीय रस्त्यांच्या क्षमतेची स्वतंत्र नियमपुस्तिका तयार केली आहे.

अडचण वेगळीच आहे. कंत्राटदाराच्या प्रणालीत रस्ता म्हणजे मोकळी कामाची जागा. वाहतूक-आराखड्यात तोच रस्ता पूल पूर्ण झाल्यानंतरचा असतो. मधली तीन-चार वर्षे कुठल्याच संगणकात नाहीत. कामाच्या ठिकाणच्या वाहतुकीसाठी इंडियन रोड्स काँग्रेसची मार्गदर्शक तत्त्वे आहेत, पण व्यवहारात ती फलक, शंकू आणि दिव्यांपुरती उरतात. वाहतूक पोलिसांची परवानगी मिळाली की विषय संपतो. मेट्रो, जलवाहिनी आणि काँक्रीटीकरण एकाच पट्ट्यात आले तरी तिघांच्या परवानग्या आपापल्या जागी बरोबरच असतात.

खरे तर वेळापत्रकातल्या प्रत्येक कामापुढे आणखी एक रकाना हवा: या कामाने किती मार्गिका, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत अडतील. तो वाहतुकीच्या प्रतिमानात घातला की वाया जाणारे तास निघतात, तासांचे रुपये होतात, आणि ते रुपये वेळापत्रकात परत घालता येतात. मग निर्णय बदलतात. सेवावाहिन्या हलवून झाल्याशिवाय पत्रे ठोकणे तेव्हा महाग दिसू लागते.

दिवसाची किंमत कंत्राटात घालण्याचा प्रयोग लॉस एंजेलिसमध्ये १९९४ च्या भूकंपानंतर झाला. कोसळलेल्या सांता मोनिका महामार्गाच्या कंत्राटात १४० दिवस दिले होते आणि लवकर संपवल्यास दिवसाला दोन लाख डॉलर बक्षीस होते. काम ६६ दिवसांत झाले. लंडनने २०१२ पासून गर्दीच्या रस्त्यांवर गर्दीच्या वेळी खोदणाऱ्यांना दिवसाला २,५०० पौंडांपर्यंत भाडे लावले. आपल्या निविदांमध्ये विलंबाचा दंड असतो, पण मुदतवाढ एवढी सहज मिळते की दंडाची धास्ती उरत नाही.

घाईने दर्जा बिघडेल, हा आक्षेप रास्त आहे. पण संथपणाही दर्जाची हमी देत नाही. गोखले पूल रेल्वेच्या नव्या निकषामुळे उंच झाला आणि शेजारचा बर्फीवाला पूल खालीच राहिला. शेवटी जॅक लावून तो एका बाजूला १,३९७ मिलिमीटर, तर दुसऱ्या बाजूला ६५० मिलिमीटर उचलावा लागला. दोन्ही पूल एकाच संगणकीय आराखड्यात ठेवले असते तर हा फरक पहिला गर्डर चढण्याआधी पडद्यावर दिसला असता.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे: तास कोणाचे मोजायचे? आपले अभियंते वाहने मोटारीच्या मापाने मोजतात. त्या मापात बस दोनहून अधिक मोटारींएवढी भरते, कारण ती तेवढी जागा अडवते. आत पन्नास माणसे आहेत हे त्या आकड्यात येत नाही. हाच आकडा भाड्यासाठी वापरला तर संगणक बसची मार्गिका आधी बंद करायला सांगेल. म्हणून रकाना वाहनांचा नको, माणसांचा हवा, आणि तो निविदा निघण्याआधी भरलेला हवा.