सुरू करणे सोपे

21 सप्टेंबर 1948 रोजी अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये 29 वर्षांच्या एका बाईला 'कंपाउंड ई' नावाचे इंजेक्शन दिले गेले. संधिवाताने तिचे सांधे असे जखडले होते की कूस बदलणेही जड जाई. काही दिवसांतच ती हिंडूफिरू लागली, बाजारात जाऊन खरेदी करून आली. डॉ. फिलिप हेंच यांनी अशा रुग्णांची फिल्म काढून सहकाऱ्यांना दाखवली आणि 1950 साली रसायनशास्त्रज्ञ एडवर्ड केंडॉल व बासलचे टाडेउश राइशस्टाइन यांच्यासह त्यांना नोबेल मिळाले. पहिल्या इंजेक्शनपासून नोबेलपर्यंत जेमतेम दोन वर्षे! त्या औषधाचे पुढे रूढ झालेले नाव कोर्टिझोन; हे स्टेरॉइड वर्गातले एक संप्रेरक. (जिममध्ये दंड फुगवायला घेतात ती स्टेरॉइडे निराळी, त्यांचे दुखणे वेगळ्या लेखाचे.)

औषध सुरू केल्याची तारीख इतिहासाने जपली. ते थांबवल्यावर काय झाले, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. इंजेक्शने बंद होताच सांधे पुन्हा सुजू लागत. चालू ठेवली तर चेहरा गोल होई, पोट सुटे, हाडे ठिसूळ होत, साखर चढे, काहींचे मनही भरकटे. हे चित्र डॉक्टरांना नवे नव्हते. शरीरातच हे संप्रेरक जास्त झाले तर काय होते, ते डॉ. हार्वे कुशिंग यांनी 1932 मध्येच लिहून ठेवले होते.

त्याहून मोठा धोका डोळ्यांना दिसणारा नव्हता. मूत्रपिंडांच्या टोकावर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी रोज थोडे स्टेरॉइड स्वतः तयार करतात. बाहेरून आयता पुरवठा सुरू झाला की त्या काम सोडतात आणि आकसतात. गोळी एकदम बंद केली तर त्या लगेच जाग्या होत नाहीत. कधी कधी महिनोन् महिने लागतात. एरवी हे खपून जाते, पण ताप, अपघात किंवा ऑपरेशन आले की रक्तदाब कोसळतो. 1952 मध्ये अमेरिकेत कोर्टिझोन घेतलेला संधिवाताचा एक रुग्ण खुब्याच्या ऑपरेशननंतर असाच दगावल्याचे प्रसिद्ध झाले, तेव्हा वैद्यकाला हा धडा मिळाला. डोस पायरीपायरीने उतरवत आणण्याची रीत अशा मृत्यूंतून आली आहे. फायदाही वाटला तेवढा नव्हता: 1954 मध्ये ब्रिटनमध्ये नव्या संधिवाताच्या रुग्णांवर कोर्टिझोन आणि साधी अॅस्पिरिन यांची तुलना झाली. वर्षाअखेरीला दोहोंत फारसे डावेउजवे उरले नाही.

तोवर औषध स्वस्त होऊ लागले होते. सुरुवातीला ते गुरांच्या पित्तापासून तीसहून अधिक रासायनिक पायऱ्यांनी बनवावे लागे. 1952 मध्ये अपजॉन कंपनीच्या संशोधकांनी यातली सर्वांत अवघड पायरी एका बुरशीकडून करून घेतली. माझ्या मते या कथेतले खरे वळण इथे आहे, कारण तोवर टंचाईच एक प्रकारचा लगाम होती.

पण म्हणून स्टेरॉइडला विष म्हणणेही बेफाम वापराइतकेच घातक. 1972 मध्ये न्यूझीलंडच्या लिगिन्स आणि होवी यांनी दाखवून दिले की अवेळी प्रसूतीची भीती असलेल्या मातेला वेळेवर स्टेरॉइडचे इंजेक्शन दिले, तर बाळाची फुप्फुसे लवकर तयार होतात. कुष्ठरोगाच्या 'रिअॅक्शन'मध्ये, म्हणजे नसा अचानक सुजतात तेव्हा, प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइडच त्या वाचवते, म्हणजे हात आणि पाय वाचवते. दम्याच्या पंपात तर औषध मायक्रोग्रॅममध्ये असते. तरीही 'पंपाची सवय लागते' म्हणून तो कपाटात ठेवणारे आणि वरचेवर दम लागून दवाखान्यात येणारे लोक आपल्याकडे आहेतच.

कोविडने तर हा सगळा इतिहास वर्षभरात पुन्हा घडवून दाखवला. जून 2020 मध्ये ब्रिटनच्या 'रिकव्हरी' चाचणीचा निकाल आला: रोज 6 मिलिग्रॅम डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड, जास्तीत जास्त दहा दिवस. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू जवळपास एकतृतीयांशाने घटले. ज्यांना ऑक्सिजनच लागत नव्हता, त्यांना काडीचाही फायदा दिसला नाही. आपण निकालाचा पहिला भाग ऐकला. 2021 च्या लाटेत ताप आल्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, घरीच, साखर न मोजता गोळ्या सुरू झाल्या; व्हॉट्सअॅपवर एकाची चिठ्ठी दहा घरांत फिरली. मग म्युकरमायकोसिस हा बुरशीचा आजार आला. त्यामागे मधुमेह होता, खुद्द विषाणूही होता, पण बेहिशेबी स्टेरॉइडचा वाटा नाकारता येत नाही. सर्वाधिक रुग्ण असलेल्या राज्यांत महाराष्ट्र होता. कोविडमधून वाचलेल्या माणसांचे डोळे आणि जबड्याची हाडे काढावी लागली.

लाट ओसरली, सवय राहिली. कुठल्याही मेडिकलच्या काउंटरवर नायट्यासाठी मलम मागून पाहा. हाती येणाऱ्या ट्यूबवर बारीक अक्षरांत तीन-चार नावे असतात: बुरशीवरचे एक, जंतूंवरचे एक आणि मधेच क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोन. खाज दोन दिवसांत थांबते ती या मधल्या स्टेरॉइडमुळे. बुरशी मरत नाही, तिला अडवणारी त्वचेची प्रतिकारशक्ती तेवढी दबते. ट्यूब संपली की नायटा दुप्पट घेऊन परततो, गिऱ्हाईक पुन्हा तीच ट्यूब मागते, आणि वर्षभरात मांडीवर कायमचे पांढरट ओरखडे पडतात. औषधांना दाद न देणारा नायटा आज देशभरातल्या त्वचारोगतज्ज्ञांची डोकेदुखी झाला आहे. हीच मलमे गोरे होण्यासाठी चेहऱ्यावर लावणाऱ्या मुली वेगळ्याच. 2018 मध्ये केंद्राने अशी मलमे चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. काउंटरवर ती मनाई किती पाळली जाते, ते वाचकांनीच सांगावे. सांधेदुखीवरच्या 'जडीबुटी'च्या पुड्यांचे काय बोलावे! घेतल्या रात्रीच गुडघा मोकळा झाला, तर पुडीत डेक्सामेथासोन कुटून घातल्याचा संशय घ्यायलाच हवा.

अन्न व औषध प्रशासनाने दुकानांवर नजर ठेवावी, हे झालेच. पण डॉक्टरांकडूनही एक मागणी करायला हवी. चिठ्ठीवर स्टेरॉइड लिहिताना ते कोणत्या तारखेला, कसे कमी करत बंद करायचे हेही मराठीत लिहून द्यावे. ब्रिटनमध्ये दीर्घकाळ स्टेरॉइड घेणाऱ्याच्या खिशात एक कार्ड असते. तो बेशुद्ध पडला तरी समोरच्या डॉक्टरला काय करायचे ते कळते. आपल्या तालुक्याच्या रुग्णालयात अपघात होऊन आलेल्या माणसाबद्दल हे सांगणारा एक कागदही नसतो. असे कार्ड छापायला आरोग्य खात्याला रुपया-दोन रुपयांहून अधिक खर्च येऊ नये.