पोथीच्या पहिल्या अध्यायातली साथ

आपल्या शिर्डीत साईसच्चरित नाही असं घर शोधून सापडणं कठीण. पारायणं तर आपण कितीतरी केली. पण मैत्रिणींनो, ही पोथी सुरू कुठून होते, आठवतंय? साथीपासून!

हेमाडपंत, म्हणजे गोविंद रघुनाथ दाभोलकर, १९१० साली पहिल्यांदा शिर्डीत आले. पुढे एका सकाळी त्यांनी बाबांना जात्यावर गहू दळताना पाहिलं. गावातल्या चौघीजणी पुढे झाल्या, बाबांच्या हातातला खुंटा घेतला आणि गाणी म्हणत दळण संपवलं. पीठ घरी न्यायला निघाल्या, तर बाबा रागावले आणि ते गावाच्या शिवेवर ओढ्याकाठी टाकायला सांगितलं. गावात तेव्हा पटकीची भीती होती. हे पाहूनच हेमाडपंतांना चरित्र लिहावंसं वाटलं.

श्रद्धेचा भाग ज्याचा त्याचा. मला त्या चौघी महत्त्वाच्या वाटतात. भीतीच्या दिवसांत त्या दार लावून बसल्या नाहीत.

आणि आपण? १७ मार्च २०२० ला मंदिर बंद झालं, ते दिवाळीच्या पाडव्याला उघडलं. २०२१ च्या एप्रिलमध्ये पुन्हा बंद. त्या दिवसांत आमच्या गल्लीतलं एक कुटुंब बरं होऊन घरी आलं. समाजकार्य करणारी मी, पण डबा फाटकाला अडकवला आणि मागे न बघता निघून आले. का, तर मोबाइलवर निरोप आला होता की जंतू भांड्यावर महिनाभर जगतो! हा आजार मुख्यतः श्वासातून, बंद जागेतल्या हवेतून पसरतो, हे नीट कळलं ते नंतर. अंगणातून, चार हातांवरून दोन शब्द बोलले असते तर काय बिघडलं असतं? डबा परत आला तो लख्ख घासून. आजही तो हातात घेतला की लाज वाटते.

म्हणून म्हणते, साथ नसताना साथीबद्दल वाचायला हवं. पटकी घाण पाण्यातून पसरते, हे लंडनच्या डॉ. जॉन स्नो यांनी १८५४ मध्येच दाखवलं होतं. लिटरभर उकळून गार केलेलं पाणी, सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. जुलाबात जीव वाचवणारं हे पाणी आपल्या स्वयंपाकघरातच तयार होतं. पण हे माहीत हवं ना!

वाचायचं काय? लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ घ्या. त्यांचा संसार आपल्याच जिल्ह्यात, नगर-राहुरीत झाला. प्लेगचे दिवस घरातल्या बाईच्या नजरेतून त्यात भेटतात. सावित्रीबाई फुल्यांचं एखादं चरित्र वाचा. प्लेगच्या रुग्णांची सेवा करतानाच १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. जंतूंची गोष्ट सोप्या मराठीत हवी असेल, तर अच्युत गोडबोले आणि डॉ. वैदेही लिमये यांचं ‘सूक्ष्मजंतू’ आहे. जाडजूड दिसतं, पण रोज दोन-चार पानं वाचली तरी पुरे.

ऐकायलाही आहे. ‘धिस पॉडकास्ट विल किल यू’ या इंग्रजी पॉडकास्टमध्ये एरिन नावाच्या दोन अभ्यासक बायका एकेका आजारावर गप्पा मारतात. कॉलेजात जाणाऱ्या लेकीला ऐकायला सांगा आणि आपण भाकरी थापता थापता तिच्याकडून ते मराठीत ऐका. तिचाही अभ्यास होईल.

भिशीला आपण जमतोच. दर महिन्याला एकीने दहा पानं वाचून यायची आणि बाकीच्यांना सांगायची, एवढंच करूया. पुढची साथ कधी येईल ते आपल्या हातात नाही. पण ती येईल तेव्हा शेजारणीचं दार वाजवायचं की नाही, हे मोबाइलवरच्या निरोपाने ठरवू नये. जात्याचा खुंटा धरायला तेव्हा चौघीजणी पुढे आल्या होत्या. पुस्तक धरायला सुरुवातीला तेवढ्याच पुरेत. बघा, पटतंय का!